माळ्यावरचे चार हिवाळी टायर

पंक्चर निघायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, चहा पितं आणि नको ते सांगून जातं. माजिवड्याच्या नाक्यावर इतकी वर्षं टायरचं दुकान चालवल्यावर किस्से साठले नसते तरच नवल. पण माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या अविनाश करंदीकरचे आहेत, आणि ते सांगताना आजही माझं डोकं फिरतं!

* * *

अविनाश माझा डोंबिवलीच्या शाळेतला मित्र. जर्मनीत नऊ वर्षं नोकरी केली आणि वडिलांना पॅरालिसिस झाला म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बायको-मुलीसह परत आला. येताना बोटीने लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार आणली. इतकी बुटकी, की नाक्यावरच्या स्पीडब्रेकरला पोट घासायचं आणि आतून अविनाशच "आई गं!" म्हणून ओरडायचा.

पहिल्याच दिवशी त्याने डिकीतून दोन आणि मागच्या सीटवरून दोन असे चार कोरे टायर काढले.

"दिग्या, हे हिवाळी टायर. सात डिग्रीच्या खाली साधा टायर कडक होतो, रस्ता धरत नाही. हे मऊ राहतात. बर्फातसुद्धा पकडतात."

"ठाण्यात बर्फ कुठे पडतो रे?"

माझा फिटर जनार्दन, कोपरीचा कोळी, ट्यूब पाण्यात बुडवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "पडतं की! रोज सकाली, रसवाल्याच्या हातगाडीवरून!"

* * *

टायर माझ्याकडे का? तर अविनाशचं घर नाक्याजवळच, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि सोसायटीने जिन्यात ठेवायला परवानगी नाकारलेली. शाळेतला मित्र, नाही कसं म्हणणार? म्हटलं, ठेव माळ्यावर. इथेच चुकलो.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन हजर. रिम नसलेले टायर एकावर एक रचायचे नाहीत, उभे ठेवायचे. महिन्यातून एकदा थोडे फिरवायचे. ऊन नको, ओल नको, तेल नको, ग्रीस नको. मी सगळ्याला हो म्हणत गेलो. मग शेवटचं कलम आलं.

"इलेक्ट्रिक मोटरजवळ ठेवायचे नाहीत. मोटरमुळे रबराला भेगा पडतात. तुझा तो कंप्रेसर जरा लांब हलवता येईल का?"

दहा बाय बाराचं दुकान! कंप्रेसर लांब न्यायचा तर थेट हायवेवर ठेवावा लागला असता. टायर खराब होऊ नयेत म्हणून टायरच्या दुकानातून हवा भरायचं मशीन बाहेर! जनार्दनने शांतपणे विचारलं, "शेट, मी तरी आत थांबू का? मना घाम येतंय."

* * *

दर डिसेंबरला अविनाश थर्मामीटर घेऊन यायचा. दुकानाच्या दाराला अडकवून दहा मिनिटं टक लावून बघत बसायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, आत कुणी आजारी आहे.

एकदा सकाळी सकाळी दुकानात फोन केला. आवाजात नुसता आनंद.

"दिग्या, ठाण्यात आज पहाटे किती होतं माहितीये? पंधरा!"

"मग?"

"मग काय! सातला आता आठच राहिले!"

* * *

दरम्यान गाडीचे रोजचे टायर झिजून गुळगुळीत झाले. त्या मापाचे टायर तेव्हा इथे मिळत नव्हते. पावसाळ्यात कोपरीजवळ ब्रेक मारला आणि गाडी घसरत जाऊन नारळवाल्याच्या ढिगात घुसली. माणूस वाचला, नारळ गेले. अविनाश तिथून थेट दुकानात आला. मी घाबरलो होतो, म्हणून जास्तच ओरडलो.

"अरे गाढवा, माळ्यावर चार कोरे टायर पडलेत! नक्षी खोल आहे, पाण्यात पकडतील तरी! बसवतो आत्ताच्या आत्ता!"

"नको. गरम रस्त्यावर ते लवकर झिजतात."

"आणि तू मेलास तर?"

त्यावर त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "तरी नको. तिकडे गेल्यावर परत घ्यावे लागतील."

शेवटी जनार्दनने इथल्याच एका गाडीचे जवळपासच्या मापाचे टायर बसवले. लाल गाडी भावाची चप्पल घालून निघालेल्या पोरासारखी दिसायला लागली.

* * *

तिकडे गेल्यावर! खरी गोम इथे होती. वडील दुसऱ्याच वर्षी गेले, आणि तेव्हापासून दर दिवाळीला हा म्हणायचा, "पुढच्या वर्षी परत जायचंय." जायचाही नाही आणि राहायचाही नाही. नवीन फ्लॅट बघू म्हटलं की "कशाला?" आणि घरात कपाट करू म्हटलं तरी "कशाला?" हेच.

नीलावहिनींना मात्र जायचं नव्हतं. त्यांना इथल्या शाळेत नोकरी लागली होती, मुलगी रुळली होती. एकदा मुलीच्या सायकलचं पंक्चर काढायला आल्या आणि माळ्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, तिथले हिवाळे मी खिडकीत बसून काढलेत. दिवसभर बोलायला माणूस नाही. ते टायर आहेत तोवर हे परत आलेलेच नाहीत. नुसते रजेवर आलेत."

मी ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली.

* * *

सहाव्या वर्षी अविनाशने गाडी विकायला काढली. म्हटलं, सुटलो! कल्याणचा एक हौशी माणूस घ्यायला आला. व्यवहार माझ्याच दुकानात झाला. वहिनीही आल्या होत्या, पेढे घेऊन. त्या माणसाने गाडीला चक्कर मारली, सगळं पसंत पडलं. मग त्याने माळ्याकडे बोट केलं.

"आणि ते चार? ते गाडीबरोबरच ना?"

"नाही," अविनाश म्हणाला. "गाडी न्या. टायर राहतील."

"अहो, गाडीच नाही तर टायर काय गळ्यात घालणार?"

"राहतील," एवढंच म्हणून तो किल्ली द्यायला बाहेर गेला.

माझं टाळकं सरकलं. मी शिडी लावली, वर चढलो आणि पहिला टायर ओढला. "वहिनी, आज हे मी भंगारात घालतो. काय व्हायचं ते होऊ दे!"

वहिनींनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला.

"भाऊजी, असे टायर किती वर्षं टिकतात हो?"

"नीट ठेवले तर आठ वर्षं. मग रबर कडक होतं, कोरे असले तरी उपयोग नाही."

"आणि सहा झाली."

"हो."

बाहेर अविनाश त्या माणसाला गिअर समजावून सांगत होता. वहिनींनी दारातून त्याच्याकडे पाहिलं.

"मग ठेवा तो परत जागेवर," त्या म्हणाल्या. "दोनच वर्षं ना? थांबते मी."