खालून कापलेला कर्नल

छापलेल्या बातम्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. न छापलेल्या मात्र आमच्या नाशिकच्या कार्यालयात साचत राहतात आणि चहाला कोणी बसलं की एकेक बाहेर पडते. यातल्या काही आमच्या डब्यांच्या.

डबे म्हणजे तालुक्याच्या बातमीदारांना दिलेले छोटे, जुने कॉम्प्युटर. एका सोमवारी अपडेट आलं आणि सगळे लोगोवरच अडकले. नामपूरचे बातमीदार अप्पा यांचा फोन आला, "डबा चालू शे, पन पुढे सरकत नही."

"म्हणजे आपल्या व्यवस्थापकांसारखाच," मी म्हणालो. व्यवस्थापक मागेच उभे होते. मी शब्द मागे घेतले नाहीत.

*

कॉम्प्युटर सांभाळणारा केतन म्हणाला, "सर, मशीन सुरू होताना आधी कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मेमरीत जाऊन बसतो, मग बाकीचं. दर अपडेटला तो फुगत गेलाय. आता या डब्यांत मावत नाही. नवीन मशीन घ्यावी लागतील."

"माझी बातमी मोठी झाली की डेस्कवाले खालून कापतात. तुझा कर्नल मोठा झाला की डबाच बदलायचा?"

*

नवीन मशीन आली, पण फक्त सिन्नरला आणि नामपूरला. व्यवस्थापक म्हणाले, "हरसूलचा डबा शनिवारपर्यंत चालू झाला तर ठीक, नाहीतर ते कार्यालय बंद. तिथल्या बातम्या इथूनच लिहू."

"मग मंत्र्यांची सभाही मी घरूनच लिहितो."

हरसूलचं कार्यालय म्हणजे निवृत्त शिक्षक भोये गुरुजी, एक टेबल आणि तो डबा. गुरुजी डबा पिशवीत घालून बसने नाशिकला आले. "पाड्यावरची माणसं माझ्याकडं तक्रारींच्या चिठ्ठ्या घेऊन येतात. त्यांना काय सांगू, मेमरी नाय?"

*

कर्नलमधलं नको ते काढता येतं, असं केतनच्या तोंडून निघालं. मी त्याला सोडलं नाही. त्याने आतल्या भागांची ए ते झेड यादी छापून दिली. गुरुजी आणि मी लाल पेन घेऊन बसलो.

"जॉयस्टिक?"

"हरसूलला कशाला? मारा काट."

गुरुजी जेवायला गेले. उरलेलं मी धंद्याच्या सवयीने उरकलं: खालचं सगळं उडवलं. महत्त्वाचं नेहमी वरच असतं.

केतनने यादीप्रमाणे कर्नल छाटला आणि शुक्रवारी डबा सुरू झाला. मी व्यवस्थापकांना मुद्दाम बोलावून आणलं. गुरुजी टाइप करू लागले. एक अक्षर उमटेना.

केतनने यादी पाहिली. "सर, खाली यूएसबी होतं. कीबोर्ड त्याच्यावर चालतो."

"कापा आणखी," व्यवस्थापक हसले.

"कापतो, यूएसबी सोडून. शनिवार उद्या आहे," मी म्हणालो.

*

शनिवारी दुपारी हरसूलहून बातमी आली. पाड्यावरच्या बंद हातपंपाची, चांगली लांबलचक. वर डेस्कसाठी गुरुजींची एक ओळ होती:

"खालून कापू नये. कीबोर्ड तिथंच असतो."