साहेबांची तिसरी स्क्रीन

दिल्लीतल्या आमच्या सरकारी ऑफिसात डॉक आले आणि किस्से आपोआप जमायला लागले. मी तिथला कॉन्ट्रॅक्टवरचा कॉम्प्युटरवाला, मला फक्त इंटरकॉम उचलावा लागतो! डॉक म्हणजे एक डबी. लॅपटॉपची एकच वायर तिच्यात, आणि पुढे स्क्रीन, कॅमेरा, हार्डडिस्क सगळं त्याच वायरीच्या जिवावर. हे मी इतक्यांदा सांगितलंय की बायको म्हणते, "यार, जेवताना तरी नको!"

पहिला फोन गुप्ताजींचा. "स्क्रीन काली है!" जाऊन बघतो, तर डॉकला मोबाइलच्या चार्जरची वायर; तिच्यातून चित्र जातच नाही. डॉकची कुठंय?
"घर पे. उससे फोन जल्दी चार्ज होता है!"

कुलकर्णी मॅडमच्या दोन मोठ्या स्क्रीन, आणि हार्डडिस्कची कॉपी सकाळपासून रखडलेली. म्हटलं, "मॅडम, वायरीवर स्क्रीनचा भार फार झालाय."
"बिल्कुल! म्हणून तर मी सगळ्या विंडो मिनिमाइझ केल्यात!"
मी कपाळाला हात लावला आणि हार्डडिस्क थेट लॅपटॉपला जोडली.

आता आमचे साठेसाहेब. त्यांच्या हाताखालच्या देशपांड्यांना दोन स्क्रीन, म्हणून साहेबांना तीन! तिसरी काही लागेना. डॉक मागवा असं मीच सुचवलेलं, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. साहेब म्हणाले, "तिसरी लागली की तुझ्या मुदतवाढीच्या फाइलवर सही."

झोप उडाली हो माझी!

"सर, रिझोल्यूशन कमी केलं की भार कमी होईल. तिन्ही लागतील."
"कमी? माझं? देशपांड्याचं किती आहे?"
"तुमच्याइतकंच."
"मग आधी त्याचं कमी कर!"

केलं. देशपांडे भांडतील असं वाटलं होतं. उलट त्यांनी मला चहा पाजला.

कॉन्ट्रॅक्टचा शेवटचा दिवस उजाडला. साहेब मीटिंगला गेले तेव्हा मी देवाचं नाव घेतलं आणि न विचारता त्यांचंही रिझोल्यूशन निम्मं केलं. तिन्ही स्क्रीन लागल्या! साहेब परत आले. खुर्चीत बसले. चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला.

"अरे, अक्षरं मोठी झाली! चष्म्याशिवाय दिसतंय सगळं!"
"हो सर."
"म्हणजे देशपांड्याला पंधरा दिवस असंच दिसतंय?"
"...हो सर."

साहेबांनी माझी फाइल ओढली, झोकात सही केली आणि म्हणाले, "चलो, आता त्याचं वाढव!"