बेंबीइतकी रिंग
हार्डवेअरच्या दुकानात पंपाच्या काळ्या पाइपाचा वास आला, की मला अर्जुनी मोरगावातलं आमचं अंगण आठवतं. पस्तिशीत मला कमरेभोवती रिंग फिरवायची हौस आली होती, पण मुलीची रिंग दरवेळी घसरून पायांशी पडायची. माझी कंबरच जाड, असं मी धरून चालले होते. एकदा सुपं विकायला आलेली बाई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लेकराची रिंग तुमाले कशी पुरन? लहान रिंग भराभर फिरते, शिकणाऱ्याले सापडत नाही. मोठी दमानं फिरते." मग तिनं अंगणात पडलेला पाइप गोल वाकवून माझ्यापुढं जमिनीवर टेकवून उभा धरला, बेंबीपर्यंत आला तसा कोयत्यानं कापला आणि आत बांबूची खुटी ठोकून टोकं जोडली. ती रिंग माझ्या कमरेभोवती न पडता चक्क पाच वेळा फिरली. "तुला कसं गं ठाऊक?" मी विचारलं. ती हसली, "आमी जन्मभर बांबू गोलच वाकवून राहिलो ना," आणि सुपांचा भारा डोक्यावर घेऊन निघाली. आज दुकानात पाइपाचं वेटोळं मी नकळत बेंबीशी लावून बघितलं, तेव्हा लक्षात आलं, की तिला एकदा फिरवून बघ म्हणायचं राहूनच गेलं.