काडीचं वजन

धाकट्या जावेला जगात एकाच गोष्टीचा हेवा वाटे: थोरल्या जावेच्या पोराच्या गालांचा. दोघींची मुलं एकाच वयाची, सात वर्षांची. थोरलीचा मुलगा गुबगुबीत, घरात सगळे त्याला पैलवान म्हणत. धाकटीच्या लेकीला म्हणत काडी.

धाकटी शिवणकाम करायची, दोन्ही मुलांचे शाळेचे कपडे तिच्याच मशीनवर. पैलवानाच्या पोटाभोवती टेप फिरवताना हिच्या पोटात दुखायचं. काडीच्या फ्रॉकला मात्र ती चुण्या जास्त घालायची, तेवढीच पोर भरलेली दिसावी. तरी थोरली म्हणायचीच, "अगं, खायला घालतेस ना हिला?" म्हणायची हसत, पण लागायचं ते लागायचंच.

त्यात औषधाच्या दुकानात वजनकाट्याशेजारी एक तक्ता लागला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. साडेअठराच्या खाली आलं की वजन कमी. हिने गुपचूप दोन्ही मुलांचा हिशेब केला. पैलवान एकोणीस, काडी पंधरा. हिच्या अंगाचा तिळपापड झाला. मेली तक्त्यातही जिंकली!

त्या दिवसापासून ती हात धुऊन काडीच्या मागे लागली. पोर नको म्हणे, पोट दुखतंय म्हणे, तरी वर चार घास कोंबायचेच.

मग शाळेत आरोग्य तपासणी आली. धाकटी मशीनवरून उठून तशीच धावली, गळ्यात टेप तसाच. आता थोरलीदेखत सगळे म्हणणार, ही पोरीला उपाशी ठेवते.

नर्सबाईंनी काडीचं वजन घेतलं, उंची घेतली, भागाकार केला. "पंधरा. छान आहे."

"छान कसं? साडेअठरा लागतात ना?"

"अहो, ते मोठ्या माणसांचं. लहान मुलांचा आकडा वयाप्रमाणे बदलतो, मुलींचा तक्ता वेगळा, मुलग्यांचा वेगळा. बापाच्या मापाने पोराचा सदरा बेतता का तुम्ही?" पैलवानाचा आकडा पाहून मात्र त्या हळू आवाजात थोरलीला म्हणाल्या, "याचा वयाच्या मानाने जास्त येतोय. घाबरू नका, जेवण तोडू नका. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या."

धाकटीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता विचार म्हणावं, खायला घालतेस का! तिने मोठ्या आशेने थोरलीचा चेहरा पाहिला. तो उतरला होता खरा, पण थोरलीने वाकून पोराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो खुदकन हसून तिला बिलगला. हिचा पुन्हा जळफळाट झाला. हरली तरी पोर कसं चिकटतंय बघा!

आपणही लेकीला जवळ घ्यावं, सगळ्यांना दिसेल असं, म्हणून तिने काडीच्या गालाकडे हात नेला.

काडीने डोळे गच्च मिटले आणि निमूट तोंड उघडलं.