दिवेलागणीची फणी

ससा केस गाळायला लागला की घरभर भुरे पुंजके उडतात. ऑफिसातून आले की चहाच्याही आधी मी भुऱ्याला मांडीवर घेऊन गॅलरीत बसते आणि त्याच्या अंगावरून फणी फिरवते. तो रागाने मागचा पाय आपटतो. मी थांबत नाही. अंग चाटताना सुटलेले केस तो गिळतो, आणि सशाला उलटी करता येत नाही. मागच्या खेपेला खाणंच बंद झालं होतं, मरता मरता वाचला.

"दिवेलागणीला केस विंचरू नयेत, लक्ष्मी जाते," देवापाशी वात सारखी करत सासूबाई म्हणाल्या.

"सशाचे आहेत, आई."

"केस ते केसच."

दिवसभर राबून आलेल्या बाईच्या हाती जी वेळ उरते, नेमकी तीच बरी निषिद्ध ठरते! एका जिवाच्या अंगावरचं ओझं उतरताना पाहून जी लक्ष्मी निघून जाते, तिला मी 'थांब' म्हणणार नाही.

जुन्या केसांखालून भुऱ्याची नवी, मऊ लव दिसू लागली. त्याला खाली सोडलं. आतून माझी फणी आणली, अंबाड्याचे आकडे काढले आणि देवातला दिवा तेवत असताना, दाराकडे तोंड करून, केस विंचरायला बसले.