भिंतीवरच्या एकतीस बायका

माझी बायको सुचित्रा इकडे परदेशात, आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत इमारतींचे नकाशे काढते. कुणी विचारलं तर ती एवढंच सांगते. पुढचं मी सांगतो, कारण माझं डोकं अजून तापलेलं आहे आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

२०१४ साली तिच्याकडे युरोपातल्या एका किल्ल्याचं काम आलं. रेनेसाँच्या काळात कुण्या सरदाराने हौसेने बांधलेला, कमानींचं अंगण, रंगवलेली छतं. सरदाराचं घराणं बुडालं, मग तिथे सैन्य राहिलं, मग सत्तर वर्षं वेड्या ठरवलेल्या बायकांचं इस्पितळ होतं. आता श्रीमंतांच्या लग्नांसाठी त्याचं हॉटेल करायचं होतं. तिकडच्या लोकांनी लेझरने भिंती मोजून पाठवल्या. त्यातल्या भेगा, पोपडे काढून स्वच्छ नकाशा करायचा, हे सुचित्राचं काम.

तळमजल्यावरच्या एका खोलीत तिला भेगांमध्ये नावं सापडली. खिळ्याने म्हणा, नखाने म्हणा, कोरलेली. एकतीस बायकांची. नकाशात तशी नोंद करू, असं तिने सुचवलं. तिचा मॅनेजर शैलेंद्र, आपलाच ठाण्याचा, म्हणाला, "क्लायंटला भिंत गुळगुळीत हवी आहे. आपण भिंती काढतो सुचित्रा, बायकांची चौकशी करत नाही."

ती सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटवर फणफणत आली. नोकरी सोडते म्हणाली. पण आमचा दोघांचा इथे राहायचा पास तिच्या नोकरीवर होता आणि महिन्याभरात तो रिन्यू व्हायचा होता.

"मेलेल्या बायकांसाठी आपलं बिऱ्हाड उचलायचं का? पुसून टाक," असं मी म्हणालो. मीच.

तिने पुसलं. एकेक नाव, तीन दिवस.

दोन वर्षांनी हॉटेल सुरू झालं. वेबसाइटवर इतिहासाचं पान होतं, त्यात सरदार, सैन्य आणि मग थेट हॉटेल. सत्तर वर्षं सरळ गिळून टाकली त्या निर्लज्जांनी. त्या खोलीत आता नवरीचा मेकअप होतो आणि भिंतीला नवाकोरा गिलावा आहे. सुचित्राने एकाच बैठकीत एकतीसही नावं लिहून काढली. तिला ती पाठ होती. हॉटेलला पत्र धाडलं, की निदान एक पाटी लावा.

उत्तर फार सभ्य होतं. दुरुस्तीआधीच्या मोजणीत अशी नावं आढळलेली नाहीत, पुरावा सोबत जोडला आहे.

पुरावा म्हणजे त्या खोलीचा नकाशा. खाली, नकाशा करणाऱ्याच्या जागी, सुचित्राचं नाव होतं.