गुण्याखालचा उजेड

आयटीआयला फिटर ट्रेडला होतो तेव्हा माझ्या कानशीच्या कामाचं फार कौतुक व्हायचं. इतरांचे घासलेले तुकडे भंगाराच्या पेटीत जायचे, माझा मात्र मास्तर टेबलावर ठेवायचे. तिथंच बहुतेक डोक्यात हवा गेली. काम चांगलं व्हावं, एवढ्यावर भागेना. त्यात कुणाला खोटच काढता येता कामा नये, असं वाटू लागलं.

पास झाल्यावर कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात भरतीची परीक्षा होती. ती नोकरी मला अगदी मनापासून हवी होती. आमचं घर मेंढरांमागं हिंडलेलं. न्हावऱ्याला स्थिरावलं ते वडिलांच्या, म्हणजे आबांच्या वेळेला. घरात महिन्याचा पगार आणणारा पहिला माणूस मीच, असं आबांनी अख्ख्या आळीत सांगून ठेवलं होतं.

परीक्षा सोपी होती. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून चौकोनी करायचा, बाजू पन्नास मिलिमीटर. केसभर कमी-जास्त चालेल, असं कागदावरच लिहिलेलं. वेळ तीन तास.

दोन तासांत तुकडा मापात आला. मी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावला आणि खिडकीकडं धरून पाहिलं. गुण्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली. तेवढी चालणार होती. मला चालेना. मी दोन हात मारले. रेघ गेली, पण दुसऱ्या बाजूला दिसू लागली. तिथं घासलं तर पहिली परत हजर!

शेजारी मांडवगणचा एक जण होता. आपला ओबडधोबड तुकडा जमा करून निघताना तो हळूच म्हणाला, "आरं, ठेव की आता. नोकरीला लागायचं हाय, देव्हाऱ्यात मांडायचा न्हाई."

मी मान हलवली आणि पुन्हा कानस उचलली. माप कमी होतंय हे मला कळत होतं. खोटं कशाला बोलू, चांगलंच कळत होतं. पण ती रेघ दिसत असताना हात थांबत नव्हते. आता शेवटचं, असं म्हणायचो आणि घासायचो. स्वतःचाच राग येत होता आणि त्या रागातही घासत होतो.

तुकडे तपासणाऱ्या साहेबांनी माप घ्यायचा व्हर्नियर लावला. एकदा, मग पुन्हा. "फिनिशिंग सुंदर आहे रे. पण माप गेलं. आता लोखंड परत कुठून आणणार?" तुकडा माझ्या हातात देऊन त्यांनी पुढच्याला हाक मारली. मांडवगणचा तो नोकरीला लागला.

घरी आबा ओट्यावर वाट बघत होते. "नापास झालो," म्हणत मी तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"आरशावानी केलंय की रं! ह्याला नापास कोण म्हनलं?"

"माप चुकलं, आबा."

"असल्या कामात माप चुकतंय व्हय? त्यास्नीच कळंना म्हंजी."

मी हातपाय धुवायला गेलो. त्या दसऱ्याला आबांनी विळा, खुरपं आणि मेंढरं कातरायच्या कातरीशेजारी तो तुकडा पूजेला मांडला. पुढं मी पंप दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तरी ते दरवर्षी मांडत राहिले.

आता आबा नाहीत, मांडायचं काम माझ्याकडं आलंय. हळदकुंकू लावून मी जरा मागं सरतो, आणि तुकडा ओळीत किंचित तिरका दिसतो. बायको ताट घेऊन ताटकळते, पोरं कंटाळतात. मी वाकून तो सरळ करतो. मग पुन्हा करतो.